खाप्यात उतरलेला डबा

माया रामटेके अकरा वर्षांपासून नागपूरच्या कडेला असलेल्या एका वेधशाळेत फुगे सोडत होती. ऐकणाऱ्याला हे काम जत्रेतलं वाटायचं. प्रत्यक्षात पहाटे पाचला माणसापेक्षा उंच रबरी फुग्यात वायू भरायचा, खाली एक छोटी छत्री बांधायची, छत्रीला लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला थर्मोकोलचा पांढरा डबा. डब्यात हवेचं तापमान, ओलावा, दाब मोजणारं यंत्र. फुगा चढत जातो, डबा वाटेतली खबर रेडिओवरून पाठवत राहतो, आणि अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर फुगा फुटला की डबा परत खाली येतो. तो कुठे येतो याची कुणी फारशी चौकशी करत नाही. शेतात पडतो, नाल्यात पडतो, झाडाला अडकून बसतो. डब्यावर तीन भाषांत लिहिलेलं असतं की हे हवामानाचं यंत्र आहे, यापासून धोका नाही, आणि त्याखाली वेधशाळेचा फोन नंबर.

दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा त्या नंबरवर तासाभराच्या अंतरावरच्या खाप्याहून फोन आला.

"तुमचा डबा माझ्या बाबाच्या खांद्यावर पडला," पलीकडचा माणूस म्हणाला. "हाड मोडलं त्यांचं. कोण जबाबदार आहे तिथं, त्याले द्या फोन."

माणसाचं नाव सुशील धकाते. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता आणि बायकोमुलांसह तिकडेच वानाडोंगरीला राहत होता. वडील वामनराव खाप्याच्या घरात एकटे. त्यानं सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मले कोणाचं काही नको. फक्त लिहून द्या, की चूक तुमची आहे."

संध्याकाळपर्यंत डब्याचा आणि गळ्यात पट्टा बांधलेल्या म्हाताऱ्याचा फोटो खाप्याच्या सगळ्या फोनवर फिरला. 'आकाशातून यंत्र कोसळलं, वृद्ध जखमी.' तो फिरत फिरत वेधशाळेच्या साहेबांकडेही आला. साहेबांनी मायाला बोलावलं.

"शनिवारी सकाळचा फुगा कोणी सोडला होता?"

"मीच, सर."

"उद्या जाऊन बघून या. जे असेल ते लिहा."

माया आपल्या टेबलावर येऊन बसली आणि तिनं शनिवारची फाइल उघडली. फुगा साडेसहाच्या सुमारास फुटला होता. तिथून डबा खाली येऊ लागला तेव्हा त्याचा वेग होता ताशी पावणेतीनशे किलोमीटर. छत्री उघडलेली असती तर तो याच्या निम्म्यानंही नसता. पुढे आलेखातली रेघ हळूहळू वळत गेली होती. जसजशी हवा दाट झाली तसतसा वेग उतरत गेला होता आणि जमिनीपासून दीड किलोमीटरवर, जिथे डब्याची खबर यायची थांबली, तिथे तो ताशी चाळीसच्या आसपास येऊन ठेपला होता.

छत्री उघडली नव्हती, हे नक्की. का उघडली नाही, हे तिला आठवायला वेळ लागला नाही. त्या पहाटे सिलिंडरची चावी अडकली होती. फुगा सोडायची वेळ ठरलेली असते, ती टळत चालली होती. हातातली दोरी गुंतू नये म्हणून तिनं ती मिटलेल्या छत्रीभोवती दोन वेढे देऊन धरली होती. ते वेढे नंतर सोडायचे राहून गेले. फुगा वर गेल्यावर ती आत येऊन चहा प्यायली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जीपमधून जाताना ती मनातल्या मनात आकडेमोड करत होती. डब्याचं वजन शंभर ग्रॅम, म्हणजे एका संत्र्याहून कमी. ताशी चाळीस. एवढ्यानं हाड मोडत नाही. उत्तर प्रत्येक वेळी तेच यायचं, पण वाटेतली पाटणसावंगी मागे पडली तरी ती पुन्हा पहिल्यापासून मांडत होती. म्हातारं माणूस. म्हाताऱ्यांची हाडं ठिसूळ असतात. आणि वेढे आपण दिले होते.

घर गावाच्या टोकाला होतं. पुढे कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, मागे एक स्लॅबची खोली, अंगणात कडुनिंब. ओसरीवर खुर्ची टाकून वामनराव बसले होते. त्र्याहत्तरीचे, उंच, सडसडीत, उजवा हात पट्ट्यात. सुशील रजा घेऊन आलेला. शेजारच्या प्रेमिलाबाई चहा करून आणत होत्या, घर आपलंच असल्यासारख्या.

स्टुलावर तो डबा ठेवला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, पुरावा असावा तसा.

मायानं आधी वामनरावांची चौकशी केली. डॉक्टरनं खांद्याजवळचं कॉलरबोन मोडल्याचं सांगितलं होतं. ऑपरेशन नको, सहा आठवडे पट्टा. मग तिनं डबा हातात घेतला. छत्री होती तशीच मिटलेली, तिच्याभोवती दोरीचे दोन वेढे. दोन्ही तिचेच. तिनं ते उलगडले नाहीत. डबा मात्र तिनं फिरवून फिरवून पाहिला. थर्मोकोल नखानंही दबतं. या डब्याच्या एका कोपऱ्यावर लाल मातीचा, कवेलूचा असावा तसा ओरखडा होता, बाकी सातही कोपरे शाबूत.

"काकाजी, कसं झालं सांगा बरं," ती म्हणाली. ऑफिसात ती पुस्तकी बोलायची, पण ओसरीवर बसल्यावर घरचीच भाषा तोंडात आली. "तुम्ही कुठी उभे होता?"

"अथीच, अंगणात," वामनराव म्हणाले. "सात वाजले असतीन. दात घासून राहिलो होतो. वरतून आला आन् खांद्यावर बसला."

"आन् तुम्ही पडले?"

"पडलो."

ते मायाकडे न बघता कडुनिंबाकडे बघत होते. प्रेमिलाबाई कप उचलून आत गेल्या.

"बाबा पस्तीस वर्ष लाईनमन होते," सुशील म्हणाला. "अकरा हजारच्या लाईनवर चढून काम केलं. कधी खरचटलं नाही. आन् तुमच्या डब्यानं अंगणात उभ्या माणसाचं हाड मोडलं. किती वरतून येते हा?"

"अठ्ठावीस किलोमीटर."

"पाहा. अठ्ठावीस किलोमीटर. तिथून रुपया टाकला तं माणसाच्या आरपार जाईन."

"नाही जात, सुशीलभाऊ." मायानं फाइलमधला कागद काढला. "सुरुवातीलेच एक सांगते. या डब्याची छत्री उघडली नव्हती. उघडायले पाहिजे होती. दोरीचे वेढे मी दिले होते आन् सोडायचे राहिले. ती चूक माझी आहे, आन् मी तसं लिहून देईन."

सुशील भांडायच्या तयारीनं बसला होता. समोरच्या बाईनं चूक अशी आपणहून पुढे ठेवल्यावर तो मागे टेकला. वामनरावांनी मात्र मान वळवली आणि पहिल्यांदाच मायाकडे नीट पाहिलं.

"पण हाड त्यानं मोडलं का, हे मले समजून घ्यायचं आहे," ती पुढे म्हणाली. "तुम्ही गाडी चालवता ना? हिंगणा रोडवर तीसनं चालले तं वारा लागतो?"

"थोडासा."

"आन् ऐंशीनं?"

"छातीवर दाबते."

"तसंच या डब्याचं आहे. वजन त्याले खाली ओढते, हवा त्याले वर ढकलते. जेवढा जोरात येईन तेवढी हवा जास्त ढकलते. एक वेळ अशी येते, की ओढणं आन् ढकलणं सारखं होते. मंग वेग वाढत नाही, तसाच राहते. हा डबा हलका, आन् अंगानं मोठा. त्याचा वेग चाळीसवर थांबते. वरती हवा पातळ आहे म्हणून तिथं तो जोरात होता, हे पाहा. खाली येता येता हळू होत गेला."

सुशीलनं कागद पाहिला. कारखान्यात तो रोज असे कागद बघत असावा, कारण त्याला रेघ कळली; पटली मात्र नाही.

"कागदावर काहीही येते, मॅडम. कंपनीत आमच्याकडेही येते. कागद म्हणते मशीन ठीक आहे, आन् मशीन हात घेऊन जाते."

मायानं कागद मिटला आणि अंगणाबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे, शाळेच्या मैदानाला लागून, गावाची पाण्याची टाकी उभी होती.

"टाकी किती उंच आहे?" तिनं विचारलं.

उत्तर वामनरावांनी दिलं. "बावीस मीटर. वरतपर्यंत लोखंडी जिना आहे."

"या डब्याचा वेग पंधरा-वीस मीटरमध्येच पूर्ण होते. त्याच्यावर कितीही उंचावरून टाका, जमिनीजवळ तो तेवढ्याच वेगानं येते. टाकीवरून टाकला काय आन् आकाशातून आला काय, खाली उभ्या माणसाले फरक नाही. छत्री काढू, दोरी काढू, नुसता डबा टाकू. मी खाली उभी राहते."

"तुम्ही?"

"माझ्या खांद्यावर पडू द्या. मंग पाहू."

वामनराव खुर्चीत जरा सरकले. "असं काही करायची गरज नाही, बाई," ते म्हणाले. पण सुशील तोवर उठला होता.

टाकीची किल्ली नगरपरिषदेच्या पंपावर काम करणाऱ्या सौरवकडे होती. चाळिशीचा, हसरा माणूस. ऐकून त्याला आधी गंमत वाटली, पण सुशीलचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. पिशवीत डबा घेऊन तो जिना चढू लागला. खाली दहा-बारा लोक जमले. वामनराव प्रेमिलाबाईंच्या आधारानं सावकाश चालत आले आणि मैदानाच्या कठड्यावर बसले. त्यांची नजर सौरवच्या पायांवर होती.

"टाचेनं नको चढू, गा," त्यांनी खालूनच आवाज दिला. "चवडा टाक."

सौरवनं चवडा टाकला.

सुशीलनं मोटरसायकलचं हेल्मेट मायाला दिलं. ते तिला मोठं होत होतं. ती टाकीच्या कडेखाली जाऊन उभी राहिली, ओढणी कमरेला बांधली आणि वर पाहिलं. सौरवचं डोकं आणि हात एवढंच दिसत होतं. अकरा वर्षं तिनं या डब्यांना खालून वर जाताना पाहिलं होतं. वरून खाली येताना एकदाही नाही.

"सोड," ती म्हणाली.

पहिल्या खेपेला डबा तिच्यापासून पाच पावलांवर गवतात पडला आणि चेंडूसारखा एकदा उसळला. वाऱ्यानं त्याला बाजूला नेलं होतं. सौरवनं वरून दोरी सोडली आणि सुशीलनं तिला पिशवी बांधून डबा परत वर पाठवला. दुसऱ्या खेपेला तो दुसऱ्या बाजूला, जमलेल्या लोकांच्या अंगावरच गेला. लोक हसत मागे सरले. डब्याचा एक कोपरा आता चेपला होता.

"नेम धरून बी लागत नाही," कुणीतरी म्हणालं, "आन् आकाशातून बरोबर खांद्यावर आला होता."

लोक पुन्हा हसले. सुशील हसला नाही. तो मायाजवळ आला.

"सरका तुम्ही, मॅडम," तो म्हणाला. "हेल्मेट द्या. बाप माझा आहे."

"मी राहते ना उभी."

"नाही. तुमच्यावर पडला तं तुम्ही म्हणसान लागलं नाही. माझ्यावर पडू द्या."

हे बरोबर होतं. तिनं हेल्मेट काढून दिलं आणि ती बाजूला झाली. सुशील तिच्या जागेवर उभा राहिला, हात खाली सोडून, जरा वाकून. सौरवनं या वेळी वारा पडेपर्यंत वाट पाहिली. मग हात सोडला.

डबा फिरत फिरत आला. सुरुवातीला झपकन वेग घेतला आणि मग, निम्म्या वाटेपासून, हवेनंच त्याला धरलं असावं तसा एका चालीनं खाली येत राहिला. बघणाऱ्यांना एवढंच जाणवलं, की तो वाटत होता तितका जोरात येत नाही. सुशील अर्धं पाऊल डावीकडे सरकला आणि डबा त्याच्या खांद्यावर आदळला. थपकन आवाज झाला. डबा दुभंगला आणि अर्धा इकडे, अर्धा तिकडे पडला.

सुशील तसाच उभा राहिला. त्यानं हेल्मेट काढलं, खांदा चोळला, हात वर करून गोल फिरवला. मग पायाशी पडलेले डब्याचे दोन तुकडे उचलले. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो चालत कठड्यापाशी गेला आणि वडिलांसमोर उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला. "यानं हाड नाही मोडत."

वामनरावांनी त्याच्या हातातले तुकडे बघितले.

"नाही मोडत," ते म्हणाले.

"मंग?"

लोकांना काय वाटलं कोण जाणे, पण ते हळूहळू पांगले. सौरव वरच थांबला, जणू टाकीवर त्याला काही काम निघालं होतं. मायाही निघायच्या बेतात होती, पण वामनरावांनी चांगल्या हातानं तिला बसायची खूण केली.

"तुम्ही राहा, बाई. तुम्ही आल्या आल्या आपली चूक सांगितली. तेव्हापासून मले इथं काहीतरी टोचून राहिलं." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. मग सुशीलकडे वळले. "मी शिडीवरून पडलो."

"शिडीवरून? कोणत्या शिडीवरून?"

"घरच्या."

"घरच्या शिडीवर तुम्ही काहून चढले होते? मी सांगितलं होतं ना, चढू नका म्हणून? दोनदा सांगितलं."

"तीनदा," वामनराव म्हणाले. "ऐक तं खरं. डबा अंगणात नाही पडला. कवेलूवर पडला. मी दात घासून राहिलो होतो, हे खरं. वर पाह्यलं तं पांढरं काहीतरी फिरत येऊन राहिलं. पहिले वाटलं पक्षी आहे. पक्षी असा फिरत नाही. ऊन नुकतं आलं होतं आन् तो असा चमके, विझे, चमके, विझे. मांगे दोरी लोंबून राहिली होती. रबराच्या चिंध्या होत्या. काही घाई नाही, काही नाही. पतंग कटल्यावर कसा येते, त्याच्याहून थोडा जोरात. कवेलूवर टपकन बसला आन् तिथंच राहिला."

माया ऐकत होती. तिनं एकही शब्द सुटू दिला नाही.

"मले वाटलं, काय आहे ते पाहावं," वामनराव म्हणाले. "शिडी लावली. चढलो. डबा घेतला. उतरताना तो एका हातात होता, आन् वरतून तिसरी पायरी सडलेली निघाली... नाही, पायरी चांगली होती. माझा पाय नाही बसला. खोटं काहून बोलू आता."

"आन् शिडी? मी आलो तेव्हा शिडी मांगच्या खोलीत होती."

"ती मी ठेवली," प्रेमिलाबाई म्हणाल्या. त्या वामनरावांच्या मागेच उभ्या होत्या. "भाऊजी पडले तेव्हा मी धावत आली. एवढं दुखून राहिलं होतं तरी पहिले म्हणाले, वहिनी, शिडी उचला. मी उचलली. माझंही चुकलंच."

सुशील कठड्यावर वडिलांशेजारी बसला.

"मंग मले खोटं काहून सांगितलं?"

"आकाशातून काही पडलं तं त्यात माझा दोष नाही. मी इथं राहू शकतो. शिडीवरून पडलो म्हटलं असतं, तं तू त्याच दिवशी माझी पेटी बांधली असती."

सुशीलनं नाही म्हटलं नाही.

"पस्तीस वर्ष खांबावर चढलो," वामनराव म्हणाले. "पावसात चढलो, अंधारात चढलो. माझ्यासोबतचे दोघं पडले, मी नाही पडलो. आन् घरच्या शिडीवरून, सहा फुटावरून. लोकाले काय सांगू?"

वरून सौरव उतरून आला. कुणी काही न विचारता त्यानं कठड्याला टेकून बिडी पेटवली. हवा थांबली होती. मैदानात शाळेची पोरं जेवणाच्या घंटेची वाट बघत रांगेत बसली होती.

"एक सांगा, बाई," वामनरावांनी मायाला विचारलं. "एवढ्या वरतून येऊन डबा शाबूत राह्यला. मी सहा फुटावरून पडलो आन् हाड गेलं. हे कसं?"

"डब्याले हवा झेलते, काकाजी. तुम्हाले झेलायले ती पुरत नाही. माणूस वजनदार. हवेनं त्याचं वजन पेलेपर्यंत त्याचा वेग ताशी दोनशेच्या जवळ जाते. आन् सहा फुटात तं हवा काहीच करत नाही. समजा ती नाहीच."

"आन् मुंगी पडली तं?"

"कुठूनही पडो, उठून चालायले लागते."

"खरं आहे," वामनराव म्हणाले. "पाह्यल्या आहेत मी. खांबावर मुंगळे राहायचे. हातानं झटकले की खाली पडायचे. मी उतरून येतो तं तेच मुंगळे परत वर चढून राहिलेले." त्यांना हसू आलं आणि हसताना हाड दुखलं, तेव्हा ते थांबले.

दुपारचं जेवण प्रेमिलाबाईंच्या घरी झालं. झुणका, भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बोलणं मात्र बापलेकातच चाललं होतं आणि माया मधून मधून नुसती ऐकत होती. सुशीलचा आवाज एकदाच चढला, तोही शिडीवरून नाही. "मी तिथं वेधशाळेत फोन करून लोकाले काहीबाही बोललो," तो म्हणाला. "तुम्ही समोर बसून ऐकून राहिले होते. मले एकदा थांबवलं असतं." यावर वामनराव म्हणाले, "थांबवायले पाहिजे होतं," आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले.

शेवटी ठरलं ते असं. हाड जुळेपर्यंत सहा आठवडे वामनराव वानाडोंगरीला राहणार. सातव्या आठवड्यात सुशील स्वतः त्यांना खाप्याला आणून सोडणार आणि त्यात कुठली सबब काढणार नाही. शिडी प्रेमिलाबाईंच्या घरी राहणार. कवेलू फुटलं, वाळवण टाकायचं झालं, काहीही असलं तरी शिडी त्यांच्याकडे मागायची, आणि चढायचं ते सौरवनं. वामनराव खाली उभं राहून शिडी धरणार. या शेवटच्या अटीला वामनरावांनी बराच वेळ मान हलवली नाही. मग म्हणाले, "त्याले चढता येत नाही. टाचेनं चढते." सुशील म्हणाला, "मंग शिकवा." तेव्हा ते कबूल झाले.

निघताना सुशीलनं डब्याचे दोन्ही तुकडे आणि ती मिटलेली छत्री पिशवीत घालून मायाच्या हातात दिली. लेखी तक्रार तो त्या दिवशी वेधशाळेत आणून देणार होता; ती त्यानं खिशातून काढली, तिची घडी उलगडली, वाचली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"तुमच्या रिपोर्टमध्ये काय लिहिसान?" त्यानं विचारलं.

"की दुखापतीचा आन् यंत्राचा संबंध नाही."

"आन् बाबा कसे पडले ते?"

"ते हवामानाच्या रिपोर्टमध्ये बसत नाही," माया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं अहवाल लिहिला. एका पानाचा. डबा जमिनीजवळ कोणत्या वेगानं आला, टाकीवरून टाकून काय दिसलं, डब्याच्या कोपऱ्यांची अवस्था काय होती. शेवटी आणखी तीन ओळी: छत्री उघडली नव्हती, सोडताना दोरीचे वेढे काढायचे राहिले होते, ते काम माझ्याकडे होतं.

साहेबांनी पान वाचून खाली ठेवलं.

"संबंध नाही म्हणताय, तर मग हे शेवटचं लिहायची गरज होती का?"

"होती, सर. या वेळी डबा होता, शंभर ग्रॅमचा. आपण कधी कधी जड यंत्रंही सोडतो."

साहेबांनी सही केली. त्या आठवड्यापासून फुगा सोडण्याआधी दुसऱ्या कुणीतरी येऊन छत्री हातात धरून बघायची, असा नियम झाला. मायाच्या सहकाऱ्यांना सुरुवातीला तो जाचला, पुढे सवय झाली.

नोव्हेंबर संपत आला होता, थंडी सुरू झाली होती, तेव्हा एका सकाळी वेधशाळेचा फोन वाजला. माया नुकतीच फुगा सोडून आत आली होती.

"बाई, मी खाप्याचा धकाते," पलीकडून आवाज आला. "पट्टा निघाला. परवा आलो घरी. सुशीलनंच आणून सोडलं."

"छान झालं, काकाजी. हात वर जाते?"

"जाते. थोडा कुरकुरते. दुसरं विचारायचं होतं. परवापासून रोज सकाळी साडेसहा-सातले अंगणात उभा राहतो. आकाश पाहतो. तुमचा एकही नाही आला. सोडून नाही राहिले काय?"

"रोज सोडतो. पण आता वारा बदलला. वरती पश्चिमेकडून जोराचं वारं सुरू झालं. हिवाळाभर आपले डबे भंडाऱ्याकडे, गोंदियाकडे जातीन."



"म्हणजे आता भंडाऱ्यावाले पाहतीन," वामनराव म्हणाले.

"हो. पावसाळा संपला की पुन्हा तुमच्याकडे येईन एखादा."

"छत्री उघडलेली राहीन ना?"

"उघडलेली राहीन, काकाजी."

"मंग तं अजून हळू येईन," ते म्हणाले, आणि प्रेमिलाबाई चहा घेऊन आल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.